रूळ नसलेल्या मुलखाचा रस्ता

जबलपूरच्या पूर्वेला रांझीचा बाजार मागे पडला की खमरिया सुरू होते. ईस्ट लँड, वेस्ट लँड अशा नावांच्या कामगार वसाहती, लांबच लांब कुंपण आणि त्याआड दारूगोळ्याचा कारखाना. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४२ साली तो उभा राहिला. जबलपूरला शस्त्रांचे गाव होण्याची सवय त्याआधीच लागली होती. तोफगाड्यांचा कारखाना इथे १९०४ पासून आहे. पुढे १९६९ साली वाहनांचा कारखाना आला आणि फौजेचे शक्तिमान ट्रक व जोंगा गाड्या जबलपूरच्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

मराठी वाचकाला खमरिया परकी वाटू नये, याला एक साधे कारण आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या करण्यात आल्या. त्यांतल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे खमरियाचा कारखाना गेला आणि या कंपनीचे मुख्यालय पुण्याला खडकीत आहे. तिच्या बारा कारखान्यांपैकी सहा महाराष्ट्रात आहेत : खडकीचे दोन, देहूरोड, वरणगाव, भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीचा. आयुध निर्माणीत नोकरी करणाऱ्या कितीतरी मराठी घरांमध्ये वरणगाव, भंडारा, अंबाझरी, खमरिया ही नावे बदलीच्या निमित्ताने उच्चारली गेली आहेत. त्या घरांना खमरिया म्हणजे क्वार्टर, शाळा, भोंगा आणि संध्याकाळचा रांझी बाजार एवढी माहीत असते.

मी लिहितो आहे ते खमरियाच्या पुढच्या मुलखाबद्दल. कारखान्याचा परिसर संपतो आणि कुंडमच्या दिशेने जाणारा रस्ता चढू लागतो. हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४५. भोपाळजवळच्या ओबेदुल्लागंजला तो सुरू होतो, नर्मदेच्या खोऱ्यातून जबलपूरला येतो, आणि इथून पूर्वेला कुंडम, शहपुरा, डिंडोरी, गाडासरई, करंजिया, कबीर चबुतरा असा मैकल पर्वतावर चढतो. तिथून छत्तीसगडमध्ये उतरून केंवची, केंदा, रतनपूर करत बिलासपूरला संपतो. जबलपूरपासून डिंडोरी सुमारे १४५ किलोमीटर. त्यापुढे अमरकंटकपर्यंत आणखी ऐंशी-नव्वद किलोमीटर.

राष्ट्रीय महामार्ग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर समृद्धी किंवा पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग येतो. रुंद, कुंपणबंद, वेळ वाचवणारा. खमरियाहून निघणारा हा महामार्ग त्या जातीचा नाही. तो गावांच्या मधून जातो, त्याच्या कडेला आठवडी हाट भरतात, मोहाची फुले आणि कोदो त्याच्याच कडेला वाळत पडतात. राष्ट्रीय हा शब्द त्याच्या नावात असला तरी काम तो ग्रामीण रस्त्याचे करतो. अशा रस्त्याची किंमत आपण चुकीच्या मापाने मोजतो, असे माझे ठाम मत आहे. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला किती तासांत पोहोचलो, हे त्याचे माप नव्हे. त्याच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या माणसाला दवाखाना, बाजार, शाळा आणि कचेरी किती जवळ आली, हे त्याचे खरे माप आहे.

तीन बाजूंनी रूळ, मध्ये काही नाही

जबलपूरला रेल्वे फार लवकर आली. १८६७ साली अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वेचे रूळ इथवर पोहोचले. इटारसीकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मार्च १८७० मध्ये त्यांना येऊन मिळाली आणि मुंबई व कलकत्ता ही दोन शहरे प्रथमच रुळांनी जोडली गेली. ती सांधेजोड झाली ती जबलपुरात. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगाल नागपूर रेल्वेने बिलासपूर-कटनी मार्ग टाकला. तो अनुपपूर, शहडोल, उमरियावरून गेला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी सातपुड्याची छोटी गाडी सुरू झाली. विदर्भातल्या जुन्या माणसांना ती अजून आठवते. २०१५ साली ती बंद झाली आणि त्या वाटेवर आता मोठ्या गेजचे रूळ आहेत.

नकाशा समोर ठेवला तर एक गोष्ट ताबडतोब लक्षात येते. पश्चिमेला जबलपूर, उत्तरेला कटनी-शहडोल, दक्षिणेला नैनपूर-मंडला, अशी तिन्ही बाजूंनी रेल्वे आहे. मधला डोंगराळ पठारी मुलूख तेवढा कोरडा राहिला आहे. हाच डिंडोरी जिल्हा. मे १९९८ मध्ये मंडल्यातून तो वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सात लाखांच्या घरात होती आणि तिच्यात आदिवासींचे प्रमाण जवळजवळ ६५ टक्के. गोंड, परधान, बैगा, कोल हे इथले मुख्य समाज. या जिल्ह्यात रेल्वे नाही. जवळचे रेल्वेस्टेशन गाठायचे तरी आधी जिल्ह्याची हद्द ओलांडावी लागते, आणि तिथवर नेणारा असतो तो रस्ताच.

म्हणून इथे महामार्ग बंद पडणे म्हणजे नुसता खोळंबा नव्हे. डिंडोरीत जिल्हा रुग्णालय आहे, पण अवघड बाळंतपण, डोक्याचा मार, हृदयाचे दुखणे असे काही झाले की कागदावर 'रेफर' लिहिले जाते आणि रुग्णवाहिका जबलपूरचा रस्ता धरते. जबलपूरचे सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय १९५५ सालचे. पूर्व मध्य प्रदेशातल्या गरीब रुग्णाचा शेवटचा आधार अजूनही तेच. उच्च न्यायालयही जबलपुरात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचे उच्च न्यायालय नव्या मध्य प्रदेशाचे न्यायालय म्हणून जबलपूरला आले. जमिनीचा दावा लढणारा डिंडोरीचा शेतकरी, महाविद्यालयात नाव घालायला निघालेली शहपुऱ्याची मुलगी आणि रक्ताची बाटली शोधणारा बाप, या सगळ्यांची वाट एकच. तिच्यात शहराची पहिली खूण म्हणजे खमरिया. तिथून जवळच डुमना विमानतळाच्या रस्त्यावर माहिती तंत्रज्ञानाची केंद्रीय शिक्षणसंस्था आहे. २००५ साली ती सुरू झाली आणि तिच्या टपालाच्या पत्त्यात पोस्ट खमरिया असेच लिहिलेले असते. कारखाना, विमानतळ, संगणकशास्त्राची संस्था आणि कोदो-कुटकीचा मुलूख हे सगळे इतके जवळजवळ आहे. त्यांना जोडायचे काम या रस्त्याचे आहे.

जयकर समिती आणि नागपूरची बैठक

भारतातले रस्ते कसे असावेत याचा विचार ज्यांनी पहिल्यांदा देशपातळीवर केला, त्यांत एक ठळक नाव मराठी आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्तेविकास समिती नेमली गेली. पुढच्या वर्षी तिने अहवाल दिला. रस्ते हा विषय तोवर प्रांतिक सरकारे आणि जिल्हा लोकल बोर्डांच्या गळ्यात होता. मोटारी वाढत होत्या आणि बोर्डांकडे पैसा नव्हता. जयकर समितीने म्हटले की रस्त्यांचा भार देशाने उचलावा, पेट्रोलवर जादा कर बसवावा आणि त्याचा वेगळा निधी करावा. त्यातून १९२९ साली मध्यवर्ती रस्ते निधी आला आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. आज आपण पेट्रोलपंपावर रस्त्यासाठी जो उपकर भरतो, त्याची मुळे त्या अहवालात आहेत.

दुसरा टप्पा नागपूरचा. डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते नागपुरात जमले. खमरियाचा कारखाना सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते, आणि जबलपूर व नागपूर एकाच मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. युद्धाने रस्त्यांची दैना उघडी पाडली होती. त्या बैठकीत वीस वर्षांची योजना ठरली. 'नागपूर योजना' म्हणून स्थापत्य अभियांत्रिकीचा प्रत्येक विद्यार्थी ती अजून शिकतो. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामरस्ते, ही आज आपल्या तोंडी बसलेली विभागणी त्या योजनेची. दर शंभर चौरस किलोमीटरला सोळा किलोमीटर रस्ता हे तिचे लक्ष्य होते.

मला त्या योजनेतली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. विकसित शेतीच्या प्रदेशात कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, असे तिने म्हटले. म्हणजे नकाशावर गावे आधी धरली आणि तिथून रस्त्यापर्यंतचे अंतर मोजले. अभियंत्यांनी प्रश्न गावाच्या बाजूने विचारला. पण जंगल आणि पडीक मुलखाला याच योजनेत सवलत होती, तिथले अंतर कितीतरी जास्त चालत असे. डिंडोरी, मंडला, गडचिरोली, मेळघाट हे सारे भाग त्या सवलतीत अडकले. रस्ता नाही म्हणून शेती वाढत नाही, आणि शेती नाही म्हणून रस्ता नाही, अशा फेऱ्यात हा मुलूख दोन पिढ्या फिरत राहिला.

या चुकीची दुरुस्ती फार उशिरा सुरू झाली. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली. सपाट प्रदेशात पाचशे वस्तीच्या, तर डोंगरी आणि आदिवासी भागात अडीचशे वस्तीच्या गावापर्यंत बारमाही रस्ता न्यायचा, हा तिचा नियम. तरीही बैगांचे पाडे सुटत राहिले, कारण ते लहान आणि विखुरलेले. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत अतिमागास आदिवासी समाजांच्या शंभर वस्तीच्या पाड्यापर्यंत रस्ता न्यायचे ठरले. मध्य प्रदेशात बैगा, भारिया आणि सहरिया हे तीन समाज तिच्यात येतात. पाचशेवरून अडीचशे आणि अडीचशेवरून शंभर, एवढे खाली यायला तेवीस वर्षे लागली.

एका वाटेची दोन मराठी टोके

या रस्त्याच्या दोन्ही टोकांना मराठ्यांचा इतिहास आहे. त्याची आठवण करायची ती मोठेपणा मिरवायला नव्हे, तर हा मुलूख आपण किती पूर्वीपासून ओळखतो हे कळावे म्हणून. नागपूरकर रघूजी भोसल्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर याने १७४१ च्या सुमारास रतनपूर जिंकले. हैहयवंशी राजांची ही जुनी राजधानी आजच्या महामार्ग ४५ वर बिलासपूरच्या अलीकडे आहे. बंगालवरच्या स्वाऱ्यांचा मार्ग त्याच बाजूने उघडला. लगोलग १७४२ साली नानासाहेब पेशव्यांनी गढा-मंडल्यावर चाल केली आणि तिथला गोंड राजा महाराजशाह लढाईत मारला गेला. भोसले आणि पेशवे यांची पूर्वेकडच्या मुलखासाठी चुरस चालली होती, आणि मैकलच्या या पठाराच्या पूर्वेला एक सैन्य होते तर पश्चिमेला दुसरे.

पुढे रघूजींचे चिरंजीव बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ या काळात रतनपुरात राहूनच छत्तीसगडचा कारभार पाहत होते. तिथल्या रामटेकडीवरचे राममंदिर त्यांच्या काळचे मानले जाते आणि नागपूरच्या रामटेकशी त्याचे नाते सांगितले जाते. गढा-मंडला १७८१ साली सागरच्या मराठ्यांकडे आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकरांकडे गेले. डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतले आणि हा अध्याय संपला.

या राजवटींनी इथे सैन्य नेले आणि सारा गोळा केला. रस्ते मात्र बांधले नाहीत. इंग्रजांनी बांधले ते नागपूर-जबलपूर-मिर्झापूर असे उत्तर-दक्षिण. दख्खन आणि गंगेचे खोरे जोडण्यासाठी. विल्यम स्लीमनने ठगांविरुद्धची मोहीम याच भागातून चालवली ती त्या वाटेवरचा व्यापार आणि सैन्य सुरक्षित राहावे म्हणून. पूर्वेचा डोंगर बैलांच्या तांड्यांवर आणि पायवाटांवरच राहिला. १८५७ साली रामगढची राणी अवंतीबाई लोधी हिने इंग्रजांशी झुंज दिली आणि मार्च १८५८ मध्ये ती धारातीर्थी पडली. तिचे रामगढ आज डिंडोरी जिल्ह्यात येते. बंड मोडून काढल्यावरही सरकारने या मुलखात मोठी वाट काढली नाही. जंगल राखले, लाकूड तोडून नेले आणि १८९० साली बैगांची फिरती शेती एका ठरावीक क्षेत्रात कोंडली. त्या क्षेत्राला अजूनही बैगाचक म्हणतात.

करंजियाचे शामराव, पाटनगढचे जनगढ

डिंडोरीहून अमरकंटकला जाताना करंजिया लागते. १९३२ साली दोन तरुण इथे येऊन राहिले. एक ऑक्सफर्डहून आलेला व्हेरियर एल्विन आणि दुसरा मराठी ख्रिस्ती घरातला शामराव हिवाळे. एल्विनचे नाव जगाला माहीत झाले. शामरावांना महाराष्ट्रानेही विसरायला वेळ लावला नाही. गोंडांसाठी शाळा, औषधाची पेटी आणि कुष्ठरुग्णांसाठी आसरा असे काम त्यांनी मिळून उभे केले. एल्विन पुढे ईशान्येला निघून गेले. शामराव याच मुलखाशी बांधलेले राहिले. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर त्यांनी लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९४६ साली प्रसिद्ध झाला. परधान हे गोंडांचे गायक आणि कथेकरी. कोणत्या गोंड घराण्याची कोणती गोष्ट, कोणत्या देवाचा कोणता उगम, हे सारे त्यांच्या बाणा या वाद्याच्या साथीने पिढ्यान्‌पिढ्या टिकले. एका मराठी माणसाने ते लिहून ठेवले, त्यालाही आता ऐंशी वर्षे होत आली.

करंजिया आणि गाडासरईच्या परिसरात पाटनगढ आहे. एल्विन आणि शामराव तिथेही राहिले होते. त्याच पाटनगढच्या परधान घरात १९६२ च्या सुमारास जनगढसिंह श्याम जन्मले. भोपाळला १९८२ साली भारत भवन उघडले. चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी गावोगाव माणसे पाठवून लोककलावंत शोधले, त्यात या तरुणाची भिंतीवरची चित्रे सापडली. जनगढ भोपाळला गेले, आणि गाण्यात सांगितल्या जाणाऱ्या देवांना कागदावर, कॅनव्हासवर रूप मिळाले. २००१ साली जपानमध्ये त्यांचा अकाली मृत्यू झाला. पण त्यांच्यामागून पाटनगढची आणि आसपासची कितीतरी मुले-मुली चित्रकार झाली. भज्जू श्याम यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली, दुर्गाबाई व्याम यांना २०२२ साली. २०२३ मध्ये गोंड चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले.

पाटनगढ ते भोपाळ ही वाट म्हणजे जवळजवळ पूर्ण महामार्ग ४५ आहे. एका खेड्यातली कला जगाला कळली ती माणूस त्या वाटेने शहराकडे गेला म्हणून. आता उलट व्हायला हवे. रसिकाने, विद्यार्थ्याने, विकत घेणाऱ्याने त्या वाटेने पाटनगढला यावे. तिथली भिंत तिथेच पाहावी, पैसे दलालाला न देता चित्रकाराच्या हातात द्यावेत. रस्ता दोन्ही दिशांनी सारखाच चालला तर तो जोडतो. एकाच दिशेने चालला तर तो उपसा करतो.

एसटी नसलेला महामार्ग

महाराष्ट्रातल्या वाचकाला एक गोष्ट सांगितल्याशिवाय या भागातला प्रवास समजणार नाही. मध्य प्रदेशात एसटी नाही. आपल्याकडे १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्याला पहिली गाडी सुटली, आणि 'गाव तिथे एसटी' ही घोषणा पुढे कितीतरी गावांत खरी झाली. मध्य प्रदेशातही राज्य परिवहन महामंडळ होते. तोट्याच्या ओझ्याखाली २००५ साली ते गुंडाळायचा निर्णय झाला आणि पुढच्या काही वर्षांत त्याच्या गाड्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या. तेव्हापासून सगळी प्रवासी वाहतूक खासगी बसवाल्यांच्या हातात आहे.

खासगी बस चांगल्या रस्त्यावर, भरल्या वेळेला धावते. जबलपूर-डिंडोरी मुख्य मार्गावर गाडी मिळते. पण फाट्यावर उतरल्यावर आत सात-आठ किलोमीटर गाव असेल तर पुढे काय? हाटाच्या दिवशी जीपमध्ये दाटीवाटीने बसायचे, नाहीतर चालायचे. सवलतीचा पास नाही म्हणून शाळा सुटणारी मुलगी आणि रात्रीची शेवटची गाडी चुकली म्हणून दवाखान्याच्या ओट्यावर झोपणारी आई, यांची मोजदाद रस्त्याच्या कुठल्याही अहवालात होत नाही. २०२५ साली मध्य प्रदेश सरकारने 'मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा' नावाने सार्वजनिक बसव्यवस्था पुन्हा उभारायला मंजुरी दिली. हे पाऊल योग्य आहे. त्यात पहिल्या गाड्या इंदूर-भोपाळला देण्याऐवजी रेल्वे नसलेल्या जिल्ह्यांना द्याव्यात. इंदूरच्या माणसाला गाडी चुकली तर दुसरी मिळते, डिंडोरीच्या पाड्यावर मिळत नाही. आणि महाराष्ट्राने यातून धडा घ्यावा : एसटी नुसती तोट्या-नफ्याच्या खात्यात मोजू नका. ती गेल्यावर काय उरते, हे खमरियाच्या पुढे पाहता येते.

माणसे नेणारी वाट

या रस्त्याने सर्वांत जास्त काय बाहेर जात असेल, तर ते माणसांचे श्रम. खरिपाचे कोदो, कुटकी, धान घरात आले की तरुण मुले बाहेर पडतात. जबलपूर, नागपूर, पुढे हैदराबाद, सुरत, पुणे. मार्च-एप्रिलला मोह वेचायला आणि मेमध्ये तेंदूपत्त्याला काही जण परततात, बाकीचे परतत नाहीत. नागपूरच्या बांधकामांवर, जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत मैकलच्या आसपासची माणसे राबतात. आपण त्यांना 'बाहेरचे मजूर' म्हणतो आणि तिथेच विषय संपवतो.

८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. ते जालन्याच्या कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशातल्या शहडोल-उमरिया भागातले होते. टाळेबंदीत गाड्या बंद होत्या आणि ते घराकडे चालत निघाले होते. हे दोन्ही जिल्हे डिंडोरीच्या सीमेला लागून आहेत. महाराष्ट्राच्या स्मरणात त्या मुलखाची नावे त्या दिवशी आली आणि काही दिवसांत विरून गेली. ज्यांच्या घामावर आपले कारखाने चालतात, त्यांच्या गावाचा रस्ता कसा आहे हे विचारणे आपले कर्तव्य आहे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

गावातच मोल मिळाले तर बाहेर जावे लागत नाही, आणि मोल मिळायचे तर माल वेळेवर बाजारात पोहोचायला हवा. कोदो-कुटकी हे डिंडोरीचे खास धान्य. एका जिल्ह्याचे एक उत्पादन म्हणून तेच निवडले गेले आहे. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते. त्या वर्षी सिलपिडी गावच्या बैगा समाजातल्या लहरीबाई यांचे नाव देशभर पोहोचले. दीडशेहून अधिक जातींचे बियाणे त्यांनी आपल्या घरात जपले आहे. पुण्या-मुंबईच्या दुकानांत कोदो महाग मिळतो. डिंडोरीच्या हाटात तो स्वस्त विकला जातो, कारण साठवायला गोदाम नाही, भरडायला जवळ गिरणी नाही आणि वाहतूकदार सांगेल तो दर. रस्त्याच्या कडेला कांडप यंत्रे, गोदामे आणि महिला गटांची विक्रीकेंद्रे उभी राहिली, तर हाच महामार्ग धान्याला दर मिळवून देईल.

जंगल, पाणी आणि वेग

रस्ता रुंद करा म्हणताना एक भान सुटता कामा नये. कान्हा आणि अचानकमार या दोन व्याघ्र प्रकल्पांना जोडणारा जंगलाचा पट्टा याच डिंडोरीतून जातो. २००५ साली अचानकमार-अमरकंटक भागाला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. अचानकमारच्या जंगलातून जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरची जड वाहतूक थांबवून ती केंवची-केंदा बाजूने वळवली गेली, आणि महामार्ग ४५ तिथूनच जातो. जंगलाला वळसा घालणे शक्य असते, याचा हा पुरावा आहे.

वळसा शक्य नसेल तिथे काय करावे, याचे उत्तर नागपूरजवळच मिळते. नागपूर-सिवनी रस्ता पेंचच्या जंगलातून जातो. तो चौपदरी करताना न्यायालयात लढाई झाली आणि शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत वन्यप्राण्यांसाठी नऊ भुयारी मार्ग व पूल बांधावे लागले. त्यातला सर्वांत लांब साडेसातशे मीटरचा आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये कॅमेरे लावून पाहणी केली, तेव्हा अठरा जातींचे प्राणी त्याखालून जाताना दिसले, त्यात अकरा वेगवेगळे वाघ होते. वर ट्रक आणि खाली वाघ, हे प्रत्यक्षात घडले आहे. मैकलच्या रस्त्यासाठी हीच अट पहिल्या आराखड्यातच घालावी, नंतर न्यायालयाने घालायची वेळ आणू नये.

पावसाळ्यात इथे दुसरी कसोटी लागते. हा सारा प्रदेश दख्खनच्या काळ्या कातळाचा, आपल्या सह्याद्रीच्याच लाव्हारसाचा पूर्वेकडचा शेवटचा तुकडा. वर काळी माती, ठिकठिकाणी ओढे. कुंडमला हिरण नदी उगम पावते, अमरकंटकला नर्मदा आणि जोहिला. मुख्य रस्त्यावर उंच पूल आहेत. आतल्या गावरस्त्यांवर अजून बुटके रपटे आहेत आणि मोठा पाऊस झाला की पाणी त्यांच्यावरून वाहते. महामार्ग चालू आणि गाव तुटलेले, अशी अवस्था दरवर्षी होते.

आणि वेग. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा सुमारे दोन टक्के, पण या मृत्यूंपैकी छत्तीस टक्क्यांहून अधिक मृत्यू त्यांच्यावर झाले. रस्ता गुळगुळीत झाला की गाड्या पळतात, आणि हाटातून परतणारी म्हातारी, सायकलवरची शाळकरी पोरे, नर्मदा परिक्रमेचे पांढरे कपडेवाले यात्रेकरू त्याच डांबरावर चालत असतात. परिक्रमेत मराठी माणसे फार मोठ्या संख्येने असतात, आणि वाहनाने परिक्रमा करणारे कित्येक जण अमरकंटकहून डिंडोरी-शहपुरामार्गे जबलपूरला उतरतात. गावात शिरताना वेग कमी करायला भाग पाडणारे उंचवटे, कडेला चालायची वाट, शाळेसमोर दिवा आणि उजेड, एवढ्या साध्या गोष्टी रस्ता रुंद करण्याच्या खर्चाच्या मानाने काहीच नाहीत. तरी त्याच वगळल्या जातात.

मोजमाप बदलू या

नागपूरच्या बैठकीत अभियंत्यांनी विचारले होते, गावापासून रस्ता किती दूर? ऐंशी वर्षांनी तो प्रश्न पुढे न्यायला हवा. गावापासून बस किती दूर? बाळंतिणीला रुग्णालय किती मिनिटांवर? कोदोच्या पोत्याला गिरणी किती दूर? पावसाळ्यात किती दिवस ही अंतरे दुप्पट होतात? प्रत्येक आदिवासी जिल्ह्याने दरवर्षी या चार प्रश्नांची उत्तरे गावनिहाय जाहीर करावीत. त्या आकड्यांवर रस्त्याचा पैसा वाटावा. किती किलोमीटर डांबर टाकले, यावर वाटू नये.

हे डिंडोरीपुरते नाही. भामरागड, धडगाव, धारणी, जव्हार या आपल्या तालुक्यांचा प्रश्न अगदी हाच आहे. तिथेही रेल्वे नाही, तिथेही फाट्यापर्यंत रस्ता आणि पुढे पायपीट आहे. समृद्धीसारखे मार्ग हवेतच, शहरे आणि बंदरे जोडायला ते लागतात. पण राज्याच्या रस्तेधोरणाची परीक्षा त्यांच्यावर होत नाही. ती होते कुंडमच्या पुढच्या फाट्यावर आणि धडगावच्या घाटात.

खमरियाच्या कारखान्यासाठी देशाने युद्धाच्या धामधुमीतही पैसा, माणसे आणि पोलाद उभे केले, कारण ते काम निकडीचे मानले. डोंगरावरच्या गावाला दवाखान्यापर्यंत नेणारी बस आणि ओढ्यावरचा उंच पूल हे काम तितक्याच निकडीचे मानायला आपल्याला कोणी अडवलेले नाही. पैसा आहे, योजना आहेत, अभियंते आहेत. राहिला आहे तो निर्धार, आणि तो सरकारकडून मिळवायचा तर मतदाराने आधी तो आपल्या मागणीत आणला पाहिजे.